हाडात उतरलेला ताप

नवरात्राच्या तोंडावर शिलाईचं काम अंगावर येतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझं फॉल-पिको आणि ब्लाउजांचं छोटं दुकान आहे. त्या दिवशी मी मशीनवर बसले होते आणि डाव्या पायाच्या नडगीत कळ आली. मी पाय खाली घेतला, चोळला, बाटलीभर पाणी प्यायले आणि पुन्हा मशीन चालू केली. वाटलं, आलं आपलं नेहमीचं.

मला जन्मापासून सिकलसेल आहे. ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी इतकंच सांगते: आमच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असं दुखतं की माणूस दातानं चादर फाडेल. मी आता तिशी ओलांडली आहे. इतक्या वर्षांत माझं दुखणं मला पाठ झालंय. ते कंबरेतून निघतं, मांड्यांत उतरतं, दोन-तीन दिवस छळतं आणि पाणी, शेक, गोळ्या यांनी हळूहळू सुटतं.

हे सुटलं नाही. फिरलंही नाही. नडगीच्या मधोमध एका जागी बसून राहिलं. तिथली कातडी गरम लागायची. ओढणी घासली तरी डोळ्यांत पाणी यायचं. मी दुखण्याच्या गोळ्या खात होते, त्यामुळे ताप दबत होता, हे मला फार उशिरा कळलं. गोळीचा असर संपला की थंडी वाजायची. नरेंद्र, माझा नवरा, लालबर्र्याच्या राइस मिलमध्ये मशीनवर आहे. तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा मी गोळी खाऊन बसलेली असायची.

"कसं हाय?" तो विचारायचा.

"ठीक हाय," मी म्हणायची.

मी हे सगळं मराठीत लिहिते आहे. शाळा माझी हिंदीतून झाली, दुकानात गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलते, मुलगीही हिंदीतच बोलते. पण घाबरले की माझ्या तोंडातून मराठीच निघते, आणि या सगळ्या दिवसांत मी घाबरलेलीच होते.

"आप लोगों को तो होता ही है"

ज्या दिवशी मला पाय जमिनीला टेकवता आला नाही त्या दिवशी नरेंद्रनं मला गावातल्या एका दवाखान्यात नेलं. सिकलसेल म्हटल्यावर सलाइन लागली, दुखण्याचं इंजेक्शन मिळालं. ड्यूटीवरच्या डॉक्टरला मी म्हणाले, "सर, ये मेरा हमेशा वाला दर्द नहीं है."

"सिकलसेल में आप लोगों को तो होता ही है," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. तो थकलेला होता आणि त्याच्यापुढे रांग होती. तसं पाहिलं तर त्याचं चुकलंही नव्हतं. शंभरदा दुखतं ते नेहमीचंच असतं.

पण मला आतून कळत होतं. कोणी आपल्या घरात शिरून कोपऱ्यात उभं आहे आणि आपल्याशिवाय ते कोणाला दिसत नाही, तसं काहीतरी. मी नरेंद्रला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "डॉक्टरपेक्षा तुले जास्त समजते का?" मग लगेच त्याचा आवाज उतरला. "उद्यापर्यंत पाहू. घाबरू नको."

दुसऱ्या दिवशी माहेराहून, उकव्याहून, आई दवाखान्यात आली. मला न विचारता नरेंद्रच्या बहिणीनं तिला फोन केला होता. आईनं पिशवी खाली ठेवली, माझ्या पायावरची चादर बाजूला केली आणि नडगीवर हाताची उलटी बाजू ठेवली. हात तसाच राहिला.

"ताप किती दिवसापासून हाय?"

मी चादर पुन्हा पायावर ओढायला गेले.

"मले काहून नाही सांगतलं व?"

नरेंद्र माझ्या आईला मामी म्हणतो. तो समजावू लागला, "मामी, डॉक्टरनं उद्यापर्यंत थांबा म्हटलं. सलाइन चालू हाय. उद्या फरक नाही पडला तं नेऊ."

"उद्या?" आई उभी राहिली. जावयापुढे ती कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. "माह्या मिलिंदच्या टायमालेही सगळ्यायनं उद्याच म्हटलं होतं. जवाईबापू, मले उद्या नाही पायजे. मले आत्ता गाडी पायजे."

मिलिंद

मिलिंद माझा मोठा भाऊ. आमचे बाबा उकव्याच्या मँगनीज खाणीत होते, आम्ही तिथल्याच वस्तीत वाढलो. मिलिंदचेही हातपाय दुखायचे. लोक म्हणायचे, वाढतं वय आहे, वात आहे. एका दुपारी त्याला ताप आला. आईनं ओल्या फडक्यानं अंग पुसलं. संध्याकाळी तो उठून बसला, थोडा भात खाल्ला. बाबा ड्यूटीवर होते. शेजारीपाजारी सगळे म्हणाले, आता उतरतोय, उद्या सकाळच्या बसनं बैहरला दाखवून या.

सकाळच्या बसमध्ये आई त्याला मांडीवर घेऊन बसली. जंगलाच्या रस्त्यात कुठेतरी त्यानं बोलणं थांबवलं. बैहर अजून यायचं होतं.

तो गेल्यावर आमचं सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं, आणि तेव्हा घरात सिकलसेल हे नाव पहिल्यांदा आलं. म्हणजे मिलिंद गेला म्हणून मला माझा आजार कळला. आईनं ही गोष्ट मला एकदाच सांगितली आहे, माझं लग्न ठरलं तेव्हा. नरेंद्रचं रक्त तपासून झाल्यावर, तो त्यातून मोकळा आहे हे कळल्यावर.

म्हणून आमच्या घरात ताप हा साधा शब्द नाही. सासरच्या घरात तो साधा होता. या एका गोष्टीवरून नरेंद्र आणि आई त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात भांडले. मी आत पडून ऐकत होते. तो म्हणत होता, हलवलं आणि रस्त्यात काही झालं तर? आई म्हणत होती, न हलवता झालं तर?

शेवटी नरेंद्रनं गाडी आणली.

गोंदियावरून नागपूर

गाडीत मी मागच्या सीटवर आडवी होते, डोकं आईच्या मांडीवर. कोणाच्याही ते लक्षात आलं नसेल, पण माझ्या आलं होतं. मांडी तीच. मी डोळे मिटले की आई मला हलवायची, "बोल माह्यासंग. झोपू नको." मी काय बोलू? मी दुकानातल्या ब्लाउजांची नावं सांगत होते. वर्मा मॅडमचा हिरवा, बाही लांब. पटले काकूंचे दोन, अस्तर लावायचं. प्रत्येक खड्ड्याला नडगीतून वीज डोक्यापर्यंत जायची आणि मी नाव विसरायची. आई म्हणायची, "मंग? हिरव्याच्या नंतर कोणता?"

मला मरायची भीती वाटत होती हे मी सरळ लिहिते. आजारपणाच्या गोष्टींत लोक लिहितात की त्यांना मुलांचा चेहरा दिसला. मला काही दिसलं नाही. फक्त एकच विचार: हे सगळं आधी एकदा झालेलं आहे.

एका बोटाने दाखवा

नागपूरच्या हॉस्पिटलात रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर मॅडम होत्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे तुमचं नेहमीचं दुखणं आहे का?"

मी रडायला लागले. इतके दिवस हेच कोणीतरी विचारावं असं वाटत होतं.

"एका बोटाने दाखवा. कुठे?"

मी दाखवलं. त्यांनी त्या जागी अगदी हलकं दाबलं आणि माझी किंकाळी वॉर्डच्या पार टोकाला गेली. त्यांनी सॉरी म्हटलं, माझा हात धरला, आणि सिस्टरला रक्त कल्चरला घ्यायला सांगितलं. कल्चर म्हणजे रक्त एका बाटलीत ठेवून त्यात कोणता जंतू वाढतो ते पाहायचं. ते रक्त घेतल्याबरोबर, अहवालाची वाट न पाहता, त्यांनी मोठं अँटिबायोटिक सुरू केलं. मग पायाचं एमआरआय झालं. सुईनं नडगीतून नमुना काढला तर सिरिंजमध्ये पू आला. पिवळा, दाट. मी तो पाहिला. माझ्या हाडाच्या आत तो होता.

संध्याकाळी मॅडम खुर्ची ओढून बसल्या. आई आणि नरेंद्र पलंगाच्या दोन बाजूंना उभे होते. एकमेकांशी ते बोलत नव्हते.

"तुमच्या हाडात जंतुसंसर्ग झाला आहे," त्या म्हणाल्या. "तुमची पानथरी लहानपणीच सुकून गेली आहे. पानथरी माहीत आहे ना?"

"तिल्ली," आई म्हणाली.

"हो, तिल्ली. रक्तात शिरलेले जंतू पकडायचं मोठं काम तिचं. सिकलसेलमध्ये ती हळूहळू मरते. मग जे जंतू इतरांच्या पोटात दोन दिवस गडबड करून निघून जातात, तेच संधी साधून रक्तात घुसतात. आणि तुमच्या हाडात आधीच रक्त न पोचलेले मेलेले तुकडे आहेत. त्यांना तिथे बसायला जागा मिळते."

दोन-तीन दिवसांनी जंतूचं नाव कळलं. साल्मोनेला. टायफॉइडच्या भावकीतला. दूषित पाण्यातून, अर्धवट शिजलेल्या अंड्यातून, कशातूनही येतो. आईनं महिनाभरातलं माझं सगळं खाणंपिणं उलटतपासणीसारखं विचारून काढलं. नरेंद्रला आठवत होतं की त्यानंच एका संध्याकाळी गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, आणली होती, आम्ही तिघांनी खाल्ली होती. त्यानं मॅडमना विचारलंही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही झालं नाही, मुलीला झालं नाही. शोधून सापडणार नाही. सोडा." त्यानं सोडलं नाही. तो रस्त्यावरून जाताना गुपचुपच्या ठेल्याकडे अजून बघत नाही.

खरं सांगायचं तर नाव ऐकून मला थोडं बरं वाटलं होतं. कोपऱ्यात जो उभा होता तो आता सगळ्यांना दिसत होता. पण ते नाव यायच्या आधी जे झालं ते आता सांगते.

काचेच्या आत

पू निघाला त्याच रात्रीपासून माझा रक्तदाब पडू लागला. हातपाय गार, ओठ निळसर, दम लागलेला. जंतू हाडातून पुन्हा रक्तात पसरले होते. मला आयसीयूत नेलं. रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला. हाड उघडून पू धुऊन काढावा लागणार होता, पण भूल देण्याआधी रक्तातल्या वाकड्या पेशी कमी करायच्या होत्या. म्हणून पुन्हा रक्त. नरेंद्रनं आपलं रक्त दिलं, मिलच्या दोन मित्रांना बोलावून घेतलं.

हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनआधी येऊन सांगितलं, "आम्ही हाडाला खिडकी पाडून आत साफ करू. हाड किती खराब झालंय ते उघडल्यावर कळेल. पाय वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू."

प्रयत्न हा शब्द मला माहीत होता. शाळेत चांगला वाटायचा.

आयसीयूत एका वेळी एकालाच आत सोडत. दिवसातून थोडाच वेळ. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नरेंद्रची पाळी होती. दार उघडलं तर आई आत आली. तिनं हिरवा गाऊन उलटा घातला होता. ती म्हणाली, "जवाईबापूनं मलेच पाठवलं. म्हणे, मामी, तुम्ही जा."

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "तू भ्याली का?"

"हौ," मी म्हटलं.

"मीबी भ्याली." तिनं माझ्या चांगल्या पायाचा अंगठा धरला, कारण हातांना सगळीकडे नळ्या होत्या. "पण तो गेला तवा काही नव्हतं व. औषध नव्हतं, नाव नव्हतं, काहीच नव्हतं. तुयाजवळ किती लोक हायेत पाह्य."

सिस्टर तिला बाहेर घेऊन जाईपर्यंत तिनं अंगठा सोडला नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना छतावरचे दिवे एकेक मागे जात होते आणि मी जोरजोरात श्वास घेत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, शिवणकाम, पायाची मशीन. ते म्हणाले, "माझ्या आईकडेही होती." मग मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा सगळ्यात आधी मी डाव्या पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. मग मला वाटलं की ज्यांचा पाय काढतात त्यांनाही बोटं हललेली वाटतात असं कुठेतरी ऐकलंय. मी सिस्टरला म्हटलं, चादर काढा. ती म्हणाली, काढते ना. तिनं काढली. पाय होता. पट्ट्यांनी जाड झालेला, एक नळी लोंबत असलेला, माझा.

इंजेक्शनचे दिवस

लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की संपलं. हाडातला संसर्ग तसा संपत नाही. औषध हाडात मोठ्या मुश्किलीनं पोचतं, म्हणून ते कित्येक आठवडे शिरेतून द्यावं लागतं. कल्चरच्या अहवालात या जंतूवर कोणती औषधं चालतात आणि कोणती चालत नाहीत तेही येतं. सुरुवातीचं मोठं औषध बंद करून नेमकं चालणारं इंजेक्शन सुरू केलं. ज्या गोळ्या आमच्याकडे कोणताही दुकानदार तापाला म्हणून हातावर ठेवतो, त्यांतली एक या जंतूवर चालतच नव्हती. मॅडम म्हणाल्या, ती घेऊन घरी बसला असतात तर... आणि वाक्य अर्धवट सोडलं.

माझ्या हाताच्या शिरा लहानपणापासून टोचून टोचून संपल्या आहेत. म्हणून दंडातून एक बारीक, लांब नळी घातली, जी आतून थेट हृदयाजवळ जाते. त्या नळीची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. तिच्यातूनच नवा जंतू शिरू शकतो असं सिस्टरनं सांगितलं होतं. कोणी हात न धुता जवळ आलं की मी ओरडायची. एकदा नरेंद्रवर ओरडले, सगळ्यांसमोर. तो बाहेर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"आता येऊ का?" त्यानं विचारलं.

त्या वॉर्डात माझ्या शेजारी एक काकू होत्या, कॅन्सरची औषधं चालू असलेल्या. त्यांच्याही अंगातली लढायची ताकद औषधानं गेली होती आणि फुप्फुसात जंतू शिरला होता. आम्ही दोघी एकमेकींचा थर्मामीटर बघायचो. "तुझा किती?" "तुमचा किती?" एका सकाळी त्यांचा पलंग रिकामा होता. सिस्टर म्हणाली, दुसऱ्या वॉर्डात हलवलं. मी पुढे विचारलं नाही. खरं काय ते मला आजही माहीत नाही.

आरोहीला, माझ्या सहा वर्षांच्या मुलीला, हॉस्पिटलात आणायला बंदी होती. ती लालबर्र्याला नरेंद्रच्या बहिणीकडे, तिच्या बुआकडे होती. रोज फोनवर दिसायची. एके दिवशी तिनं विचारलं, "मम्मी, बुआ किसी को बोल रही थी कि आप नहीं बचोगे. आप नहीं बचोगे क्या?"

मी फोन छातीवर उलटा ठेवला. आईनं तो उचलला आणि हसत हसत काहीतरी दुसरंच बोलू लागली. मला नणंदेचा राग आला, मग तोही गेला, कारण ती खोटं बोलत नव्हती. सगळ्यांना तेच वाटत होतं.

थोड्या वेळानं मी पुन्हा फोन लावला.

"बेटा, मम्मी बहुत बीमार थी. अब दवा चल रही है. डर मुझे भी लगता है."

ती म्हणाली, "मैं बुआ के पास सोती हूँ. अकेले नहीं सोती."

"बहुत अच्छा करती है," मी म्हटलं.

घरी

घरी आले तेव्हा थंडी पडली होती. काखेत कुबडी, हाताशी गोळ्यांचा डबा. इंजेक्शनं संपली होती, गोळ्या पुढे पुष्कळ दिवस चालू राहणार होत्या. लसी घ्यायच्या होत्या, न्यूमोनियाची, मेंदूज्वराची. आमच्यासारख्यांना त्या आधीच द्यायच्या असतात हे मला या वयात कळलं. तुमच्या घरात सिकलसेलचं मूल असेल तर आजच डॉक्टरांना लसींबद्दल विचारा. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझं लिहिणं कामी आलं.

दुसरं, ताप. आमच्यासारख्यांनी ताप घरी बघत बसायचा नसतो. कोणी काही म्हणो. दुखण्याची गोळी खाऊन तो दाबायचा नसतो. सरळ दवाखाना गाठायचा, आणि तिथे पहिल्या वाक्यात सांगायचं की माझी तिल्ली काम करत नाही.

पण मी बरी झाले आणि शहाणी झाले असं समजू नका. पहिले कितीतरी दिवस मी सकाळ-दुपार-संध्याकाळ थर्मामीटर लावायची. चहा पिऊन लावायची आणि पारा चढला की लगेच पुन्हा लावायची. नरेंद्रनं एकदा थर्मामीटर कपाटावर ठेवून दिला, मी खुर्चीवर चढायला गेले आणि आम्ही खूप भांडलो. तो म्हणाला, "जिवंत आली ना तू घरी? मंग राय ना जिवंत!" मग त्यानंच तो काढून माझ्या हातात दिला आणि मिलला निघून गेला. त्या दिवशी त्याचा डबा घरीच राहिला.

आई आणि तो आता बोलतात. कधी सुरू झाले ते मी पाहिलं नाही. एक दिवस आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जवाईबापू, जेवून घ्या, भाजी थंडी होऊन राह्यली," आणि तो मुकाट्यानं जाऊन बसला.

नडगीवर लांब, खोलगट व्रण आहे. मशीनला आता नरेंद्रनं मोटर लावून दिली आहे. शेवटच्या एक्सरेत हाड भरताना दिसलं. मॅडम म्हणाल्या, "छान." मी विचारलं, पुन्हा होणार नाही ना? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काळजी घेतली तर शक्यता कमी आहे," त्या म्हणाल्या. मला होणार नाही हे ऐकायचं होतं.

आरोहीचा ताप

माझ्या गोळ्या संपल्या त्यानंतरची गोष्ट. आरोही शाळेतून आली ती लाल चेहऱ्यानं. दप्तर टाकलं आणि फरशीवरच आडवी झाली. मी तिला हात लावला. अंग तापलेलं होतं.

दुकान उघडं टाकून मी निघाले. रिक्षात मी तिला झोपू दिलं नाही. "बोल बेटा, बोलती रह." ती चिडून रडत होती. लहान मुलांच्या डॉक्टरांकडे मी रांग मोडून आत शिरले आणि एका दमात सगळं सांगितलं. माझा आजार, माझा भाऊ, माझं हाड. "इसका कल्चर करा दीजिए, सर. अभी."

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मला बसायला सांगितलं. घसा पाहिला, छाती, पोट, कान. मग विचारलं, "इसकी सिकलसेल की जाँच हुई है?"

झाली होती, जन्मानंतरच. तिला माझ्याकडून एकच बाजू मिळाली आहे, दुसरी नरेंद्रची, चांगली. ती वाहक आहे, आजारी नाही. हे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

"तो इसकी तिल्ली ठीक है," ते म्हणाले. "वायरल है. दो-तीन दिन में उतर जाएगा. इसका शरीर खुद सँभाल लेगा."

मी घरी आले. जातानाच मी आईला फोन केला होता; संध्याकाळी ती उकव्याहून मिळेल त्या बसनं पोचली. तिनं चपला काढल्या नव्हत्या, पिशवी खांद्यावरच होती. "गाडी सांगतली का?" तिनं विचारलं. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तिनं मान हलवली, पण चपला काढल्या नाहीत.

आम्ही दोघी आरोहीच्या दोन बाजूंना बसलो. नरेंद्रनं तिला औषध पाजलं, ओलं फडकं ठेवलं, कार्टून लावून दिलं. त्याच्या घरात सगळ्यांना असा ताप यायचा, त्याला काय करायचं ते माहीत होतं. आम्हा दोघींना काहीच येत नव्हतं. आम्हाला फक्त पळायला येत होतं.

ताप उतरला, पुन्हा चढला. आईनं दोनदा पिशवी उचलली. नरेंद्र दोन्ही वेळा म्हणाला, "मामी, बसा."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आरोहीच्या अंगाला हात लावला तर अंग ओलं आणि गार होतं. मी तिच्या नाकाशी बोट धरलं. मग ती कुशीवर वळली आणि झोपेतच लाथ मारून तिनं पांघरूण उडवलं.

आई उंबऱ्यात बसली होती.

"उतरला," मी म्हटलं.

"उतरला म्हणजे?"

"गेला, आई. बरी हाय ती."

"असाच? इंजेक्शन नाही, भरती नाही, काही नाही?"

"असाच."

आईनं गल्लीकडे पाहिलं. मग हळूच, जणू कोणी ऐकेल, तिनं विचारलं, "असाबी ताप रायते का व?"

आत आरोही जागी झाली होती आणि ओरडत होती, "मम्मी, भूक लगी है!" आईनं पदरानं तोंड पुसलं, पायातल्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या, आणि चूल पेटवायला आत गेली.